एक सूत जास्त

नरकचतुर्दशीच्या पहाटे आधी तेल आणि मग स्नान, हा क्रम आपल्या अंगवळणी पडलेला आहे. यंदा आमच्या घरी त्या पहाटे आणखी एका मानकऱ्याला न्हाऊ घालायचे आहे आणि त्याचा क्रम नेमका उलटा आहे. आधी स्नान आणि मग तेल. उटणे नाही, मोती साबण नाही. दात घासायचा जुना ब्रश, वाटीभर डिझेल आणि माझा एक फाटका बनियन एवढीच सामग्री. हा मानकरी म्हणजे आमच्या कन्येच्या सायकलीची साखळी. सणाच्या दिवशी घरात डिझेलचा वास नको, असे सौ.चे म्हणणे असल्याने हा सोहळा गच्चीत व्हावयाचा आहे.

वर्षभर ह्या पानावर म्हणी, वाक्प्रचार आणि शुद्धलेखन यांची दळणे दळणारा मराठीचा एक प्राध्यापक दिवाळी अंकात साखळी आणि दातेरी चकत्या घेऊन बसला, हे पाहून नेहमीचे वाचक चष्मा पुसतील. पण यंदा मला सांगण्यासारखे जे काही घडले ते हेच, आणि ते सांगून टाकल्याशिवाय चकलीचा घास माझ्या घशाखाली उतरणार नाही.

आधी माझ्या अहंकाराची हकीगत सांगतो. मी कॉलेजात होतो तो काळ गेल्या शतकाच्या अखेरचा. त्या वेळच्या पुण्यात सायकल चालवणाऱ्याला सायकल दुरुस्त करणे शिकवावे लागत नसे. काळी, भारदस्त, एकाच वेगाची सायकल. चेन पडली की घोड्यावर लावायची, पायडल उलटे फिरवायचे आणि बोटे काळी करून चेन दातांवर चढवायची. मग ती बोटे जवळच्या भिंतीला पुसायची. आमच्या कॉलेजच्या कुंपणाच्या भिंतीवर आमच्या पिढीचे असे कित्येक शिलालेख होते. तेव्हा शेजाऱ्यांचा मुलगा जर्मनीला जाताना आपली माउंटन बाइक आमच्या कन्येला सात हजारांत देऊन गेला, त्या वेळी मी खिशातून पैसे काढता काढता म्हणालो होतो, "सायकलीचं काही बिघडलं तर मला सांग. सायकल मला कळते."

ह्या सायकलीला एकवीस गिअर होते. पुढे 42, 34 आणि 24 दातांच्या तीन चकत्या. मागे 14 पासून 28 दातांपर्यंत सात. तीन साते एकवीस. हे एकवीस म्हणजे पुणेरी पाहुणचारासारखे आहेत, मोजायला भरपूर. पुढची 42 ची आणि मागची 28 ची चकती घ्या, किंवा पुढची 24 ची आणि मागची 16 ची. पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक दोन्ही वेळा दीडच फेरा घेते. असे सारखे किंवा जवळपास सारखे सोडले तर खरे निराळे गिअर बरेच कमी उरतात.

साखळीला एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारे जे हाडकुळे यंत्र मागच्या चाकापाशी लोंबत असते त्याला डीरेलर म्हणतात. शब्द फ्रेंच आहे आणि त्याचा अर्थ रुळावरून घसरवणारा. ज्याचे कामच अपघात घडवणे आहे आणि तेही शिस्तीत, असा पदार्थ माझ्या व्यवसायात परीक्षा विभाग सोडून दुसरा मी पाहिलेला नाही. फ्रान्समधल्या त्या प्रख्यात सायकल शर्यतीच्या जनकाला, ऑन्री देग्रांजला, हा प्रकार मुळीच पसंत नव्हता. 1937 पर्यंत 'तूर द फ्रान्स'मध्ये डीरेलरला मज्जाव होता. गिअर म्हणजे पंचेचाळिशी उलटलेल्यांची सोय, असे त्याचे मत होते म्हणतात. मी सेहेचाळीस वर्षांचा असल्याने ह्या मतावर बोलत नाही. माउंटन बाइकचा जन्म पुष्कळ अलीकडचा आणि तो अमेरिकेतला. कॅलिफोर्नियात माउंट टॅमलपाइस नावाच्या डोंगरावरून काही तरुण जुन्या, जाडजूड सायकली घेऊन भरधाव खाली येत. 1976 साली तिथे त्यांच्या शर्यती सुरू झाल्या. उतारावर ब्रेक इतके तापत की आतले ग्रीस जळून जाई आणि ते दर वेळी नव्याने भरावे लागे. म्हणून त्या शर्यतीचे नावच 'रीपॅक' पडले. पण खाली येण्याआधी वर जावे लागते, आणि ती सायकल चालवत वर नेता यावी म्हणूनच ह्या मंडळींनी तिला डीरेलर जोडले. म्हणजे गिअर हा चढाचा सोबती. आमची कथाही चढावरचीच आहे.

जानेवारीत कन्येने तक्रार आणली, "बाबा, तिसऱ्यावर टाकलं की आपोआप चौथ्यावर जातं."

मी पाहिले. डीरेलरवर शेजारी शेजारी दोन छोटे स्क्रू होते. एकापाशी एच आणि दुसऱ्यापाशी एल. स्क्रू दिसला की तो पिळायचा, हा पुरुषजातीचा धर्म आहे. तीन संध्याकाळी मी ते दोन्ही स्क्रू आलटून पालटून पिळले. चौथ्या दिवशी साखळी सगळ्यांत मोठ्या चकतीच्याही पलीकडे उडी घेऊन आऱ्यांत अडकली आणि तिने चार आऱ्या खरवडल्या.

मग आम्ही कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या मामांकडे गेलो. मामांनी स्क्रूंकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "सर, हे कोणी फिरवले?" मी कन्येकडे पाहिले. तिने आकाशाकडे पाहिले.

"हे स्क्रू गिअर लावायला नसतात," मामा म्हणाले. "हे कुंपण आहे. चेन ह्या टोकाला चाकात जाऊ नये आणि त्या टोकाला फ्रेमवर पडू नये, एवढंच ह्यांचं काम. एकदा बसवले की हात लावायचा नाही."

गिअर लागतो तो वायरच्या ताणावर. ती वायर डीरेलरमध्ये शिरते तिथे एक छोटे, बोटांनी फिरणारे नळकांडे असते. वायर नवी असताना जरा सैलावते. मग साखळी मोठ्या चकतीवर चढायला कुरकुर करते. नळकांडे पाव फेरा बाहेर काढले की ताण वाढतो आणि कुरकुर थांबते. लहान चकतीवर उतरायला आळस करत असेल तर उलटे फिरवायचे. पाव फेरा, जास्त नाही. पण आमच्या सायकलीचा रोग वायरचाही नव्हता. मामांनी मागे जाऊन एक डोळा मिटून पाहिले. डीरेलर ज्या ॲल्युमिनियमच्या कानावर टांगलेला असतो तो कानच आत वाकला होता. पार्किंगमध्ये कधीतरी सायकल उजव्या अंगावर पडली असणार. असा कान वाकलेला असला की तुम्ही वायर कितीही पिळा, एक गिअर लागतो आणि दुसरा बिघडतो. मामांनी एक लांब दांडी लावून कान सरळ केला, वायर बेताची ताणली, आणि तिसरा गिअर तिसऱ्यावर राहू लागला.

इथे थांबलो असतो तर हा लेख झाला नसता. पण मामा म्हणाले, "सर, पट्टी आहे का?"

कन्येच्या पिशवीत बारा इंची पट्टी होती. मामांनी साखळी ताणून धरली, एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवले आणि चोवीस कड्या मोजल्या. सायकलीच्या साखळीत एका पिनेपासून दुसरीपर्यंत अर्धा इंच असते. म्हणजे चोवीस कड्यांनंतरची पिन बरोबर बारा इंचांवर यायला हवी. आमची पिन बाराच्या पुढे जाऊन उभी होती.

"एक सूत जास्त," मामा म्हणाले.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुतार आणि फिटर यांच्या तोंडचा हा शब्द मला मोठा प्रिय आहे. मी मामांना तिथल्या तिथे सुतावरून स्वर्ग गाठण्याची म्हण ऐकवली. मामांना ती ठाऊक असावी, कारण ते हसले नाहीत. त्यांनी मला समजावून दिले ते असे : लोक म्हणतात चेन ताणली गेली. वास्तविक पोलाद काही ताणले जात नाही. प्रत्येक कडीतली पिन आणि ती ज्यात फिरते ती जागा, दोन्ही झिजतात. एकेका कडीत केसाएवढी फट पडते आणि चोवीस कड्यांत मिळून तिचे एक सूत होते. टेकडीवरची धूळ आणि पावसाळ्यातला चिखल तेलात कालवला गेला की त्याची कानसच होते, आणि ती आतून घासत राहते. अर्धे सूत वाढले असतानाच चेन बदलली तर चकत्या वाचतात. पुरे सूत वाढेपर्यंत वाट पाहिली की चकत्यांच्या दातांमधले खळगेही त्या वाढलेल्या मापाप्रमाणे कोरले जातात. जुनी साखळी आणि जुने दात एकमेकांना सांभाळून घेत असतात. त्यात नवी साखळी आणली की तिच्या कड्या आपल्या नेमक्या अर्ध्या इंचावर आणि खळगे मात्र पुढे सरकलेले. जोर नसेल तेव्हा ती मुकाट्याने चालते. जोर पडला की दातावर चढते आणि पुढच्या खळग्यात उडी मारते.

"म्हणून चेन आणि फ्रीव्हील दोन्ही बदला. चेनचे सहाशे, फ्रीव्हीलचे नऊशे."

मी विचारले, "फ्रीव्हीलचे दात तर चांगले दिसताहेत."

"दिसणार नाही तुम्हाला, सर. पण चेन उडी मारेल."

मी मनात म्हटले, हा धंद्याचा भाग आहे. शिंप्याकडे गेले की अस्तरही लागते, चष्मेवाल्याकडे गेले की काचेवर लेपही लागतो. "सध्या फक्त चेन द्या," मी म्हणालो. आणि मजुरी वाचवण्यासाठी, मामांचे साखळी तोडायचे हत्यार मागून आणून, ती घरीच बसवली. जुन्या साखळीच्या कड्या मोजून तेवढ्याच नव्या ठेवल्या. लांबीला लांबी लावली नाही, कारण जुनी वाढलेली होती. ह्या हुशारीबद्दल मी स्वतःची पाठ थोपटली. उरलेला तुकडा खिळ्यांच्या डब्यात टाकला. सायकल उलटी ठेवून हाताने पायडल फिरवले; सातही गिअर लोण्यासारखे लागले. कन्येने सोसायटीत दोन फेऱ्या मारल्या आणि "मस्त, बाबा!" म्हणाली. त्याच आठवड्यात ग्रंथप्रदर्शनातून मी दोन हजारांचे शब्दकोश आणले. त्यांतला एक माझ्याकडे आधीच होता.

मार्चमधल्या एका रविवारी ती मैत्रिणींबरोबर सिंहगडाचा घाट चढायला गेली. वर जायचे, पिठले-भाकरी खायची आणि यायचे, हा पुण्यातल्या सायकलवाल्यांचा कुळाचारच आहे. एका वळणानंतर चढ जरा सौम्य होतो, तिथे तिने मागची मधली चकती घेतली. हीच चकती ती रोज कॉलेजला जाताना वापरत असे. मग पायडलवर उभी राहून तिने जोर दिला. साखळीने उडी मारली. पायाखालचा आधारच गेला. ती हँडलवर आदळून उजव्या हातावर रस्त्यावर पडली. मागून एक गाडी येत होती. ती थांबली. किती अंतरावर थांबली हे मला तिच्या मैत्रिणीने पुढे सांगितले. ते मी इथे लिहीत नाही.

मनगटाचे हाड मोडले होते. सहा आठवडे प्लास्टर. परीक्षा तीन आठवड्यांवर आलेली. तिला लेखनिक घेऊन पेपर लिहावे लागले. घरी आल्यावर आईने विचारले, "कशी गं पडलीस?"

"खडीवरून घसरले," ती म्हणाली.

सौ.ने रस्ते आणि ते बांधणारे यांचा यथेच्छ उद्धार केला. मीही केला; माझा आवाज तर तिच्याहून चढला होता.

नवव्या दिवशी रात्री मी पार्किंगमध्ये गेलो. का गेलो हे माझे मला ठाऊक होते. सायकल घेतली, तीच मधली चकती लावली आणि तळघराकडे जाणाऱ्या उतारावरून उलट वर चढलो. पहिल्या खेपेस काही झाले नाही. दुसऱ्या खेपेस नाही. तिसऱ्या खेपेला उभा राहून जोर दिला आणि 'खट्' झाले. पायडल माझ्या नडगीवर बसले. मी बराच वेळ तिथेच पायरीवर बसून होतो.

सकाळी कन्या डाव्या हाताने पोहे खात होती. मी विचारले, "खडी नव्हती ना?"

"होती थोडी."

"चेन उडाली ना?"

ती वाटीकडे पाहत म्हणाली, "दोनदा. पहिल्यांदा उडाली तेव्हाच मी उतरायला हवं होतं. पण तू बसवलीयस म्हटल्यावर नीटच असेल असं वाटलं."

सौ.ला मी त्याच दिवशी सांगितले. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर, शब्दकोशांच्या शेजारी, नऊशे रुपये ठेवलेले होते.

त्यानंतरचे दीड महिने मी मामांच्या दुकानात विद्यार्थी म्हणून काढले, असे म्हटले तरी चालेल. अपराधी बापाचा हात सैल सुटतो, हे कन्येनेही ओळखले. "मग वन-बाय करूया का?" तिने विचारले. हल्लीच्या भारी सायकलींना पुढे एकच चकती असते आणि मागे दहा-बारा. पुढचा डीरेलर नाही, त्याची वायर नाही, कटकट नाही. मी हो म्हणून टाकले. मामांनी मात्र वहीच उघडली. आपले फ्रीव्हील चाकाच्या हबवर आट्यांनी फिरवून बसवलेले. नऊ-दहा चकत्यांची कॅसेट निराळ्या हबवर सरकवून बसवतात. म्हणजे हब बदला. हब बदलला की चाक नव्याने विणा. चकत्या वाढल्या की हँडलवरचा शिफ्टर बदला, डीरेलर बदला, चेन अरुंद घ्या. पुढच्या तीन चकत्या एकमेकींना रिव्हेटने जखडलेल्या. म्हणजे क्रँकच बदला आणि तिच्याबरोबर आतला आसही. उंदराने लंगोटी कुरतडू नये म्हणून मांजर पाळणाऱ्या बैराग्याची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली आहे. मांजराला दूध हवे म्हणून गाय आली आणि गाईमागून संसार. मामांच्या वहीत बैराग्याचा संसार सायकलीच्या किमतीच्या दीडपट झाला होता.

"तुम्हाला चढ चढायचाय ना?" मामा म्हणाले. "मग सातचंच फ्रीव्हील घ्या, पण शेवटची चकती चौतीस दातांची."

मी घरी येऊन हिशेब केला. चाक सव्वीस इंची, एका फेऱ्यात सुमारे 2.07 मीटर जाते. पुढे 24 आणि मागे 28 दात असताना पायडलच्या एका फेऱ्यात सायकल 1.77 मीटर सरकते. मागे 34 असतील तर 1.46 मीटर. फरक 31 सेंटिमीटरांचा, म्हणजे जवळपास एक फुटाचा. दर फेऱ्याला फूटभर कमी ओझे ओढायचे; वेळ लागेल, पण गुडघे टिकतील.

जुने फ्रीव्हील काढणे हे एक प्रकरणच होते. आपण मारलेल्या प्रत्येक पायडलने ते आपल्या आट्यांवर अधिकाधिक घट्ट होत जाते. दोन वर्षांचे सगळे चढ त्यात साठलेले. मामांनी शेगड्यात एक खाचांचा ठोकळा पकडला, त्यावर चाक आडवे बसवले आणि आम्ही दोघांनी टायर धरून जाते फिरवावे तसे ते उलटे रेटले. तिसऱ्या रेट्याला कुरकुरत सुटले. नवे बसवताना आट्यांना ग्रीस लावायला मामांनी मलाच सांगितले. डीरेलरवरचा अंक पाहून, चौतीस दात त्याला झेपतील याची खात्री त्यांनी आधीच करून घेतली होती. मात्र जुन्या मापाची साखळी आता आखूड पडणार होती. पुढच्या आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकत्यांवरून, डीरेलर वगळून, साखळी गुंडाळायची आणि वर एक इंच ठेवायची, हे माप. आखूड साखळीवर चुकून मोठ्यावर मोठी चकती लागली तर डीरेलर उपटून हातात येतो. खिळ्यांच्या डब्यातला माझा तुकडा तेव्हा कामाला आला. त्यातल्या चार कड्या जोडल्या. शेवटी डीरेलरचे वरचे चाक नव्या मोठ्या दातांना घासू नये म्हणून मागचा तिसरा स्क्रू जरा आत घेतला. तो मी घेतला नाही. मी पाहत होतो.

आणि ह्या खेपेला सायकल उलटी ठेवून तपासली नाही. मी स्वतः पार्किंगच्या चढावर, सातही चकत्यांवर, उभा राहून जोर दिला. सोसायटीचा रखवालदार हे पाहत होता. त्याला काय वाटले कोण जाणे.

सप्टेंबरात, पाऊस उघडल्यावर, कन्या पुन्हा सिंहगड चढली. मी स्कूटरवरून मागे होतो. त्या वळणावर आल्यावर ती उठली नाही, बसूनच गेली. पुढच्या वळणावर उठली. मी स्कूटरचे इंजिन बंद करून ऐकत उभा राहिलो; साखळीचा एकसारखा आवाज दूर जात होता. वर पोचलो तेव्हा तिचे पिठले अर्धे संपले होते. "किती वेळ लावलास, बाबा!" एवढेच म्हणाली.

आता महिन्यातून एकदा साखळी मोजायची, हा घरचा नियम झाला आहे. तेलाचे शास्त्रही मी शिकलो. एकेका कडीवर आतल्या बाजूने एक थेंब, चार फेरे, आणि मग बाहेरचे सगळे तेल फडक्याने पुसून काढायचे. तेल पिनेपाशी हवे, वर राहिले तर धूळच गोळा करते. पूर्वी मी दिवाळीच्या पणत्यांतून उरलेले तेल साखळीवर ओतत असे, हे मामांना सांगितलेले नाही.

चालू महिन्याची मोजणी मात्र अडली आहे. पट्टी सौ.ने शंकरपाळे सरळ कापायला नेली. तिच्या मागल्या बाजूला सहा इंचांपासून पुढे साखळीचा काळा डाग आहे, हे मी अद्याप बोललेलो नाही.